खुराड्याची पश्चिम बाजू

९ जुलै

तिसरा दिवस. थांबायचं नाव नाही. सकाळी खुराड्यात हात घातला तर पश्चिमेकडच्या तुसाचा चिखल. वरून कोरडं दिसतं, बोट खुपसलं की खाली पाणी. सगळ्या जणी पूर्वेच्या अर्ध्यात, एसटीत बसल्यासारख्या एकमेकींच्या अंगावर. उरलेलं अर्धं खुराडं मोकळं.

पूर्वेची बाजू द.ने विणलेली. बांबूचा तट्टा, वर गवत, थेंब येत नाही. पश्चिमेची बाजू तो करणार होता. एप्रिलमध्ये वाघाने द.ला नेलं. तेव्हापासून पश्चिमेला माझी ताडपत्री.

सौ. दारातून : "संस्कृतात कोंबडी कोरडी ठेवाची काई विद्या नाई का? इतके वर्सं पाठशाळेत काय शिकले मंग?"

म्हटलं, आमच्या पाठशाळेत कोंबडा फक्त पहाटे उठवायला होता. तो कुठे राहायचा हे कुणी शिकवलं नाही.

एकूण सहा. आर्या, मालिनी, पृथ्वी, शिखरिणी, वसंततिलका, मंदाक्रांता. वृत्तांची नावं माझी हौस. सौ. काळी, लाल, कवडी, बुटकी असंच म्हणते आणि त्या तिच्याच हाकेला येतात.

११ जुलै

नाल्यावरचा रपटा पाण्याखाली. पलीकडच्या टोल्याचा, म्हणजे द.च्या वस्तीचा, रस्ता बंद. बातमी पाठवली. "संततधार पावसाने जनजीवन विस्कळीत." हे वाक्य हाताला पाठ आहे, डोकं लागत नाही. अशी माझ्याजवळ वीस-पंचवीस आहेत. गाव आणि नाव बदललं की झालं.

दुपारी धानाच्या गिरणीतून दोन पोती तूस आणलं. ओल्यावर चांगलं चार बोटं जाड पसरलं. ताडपत्री चारी बाजूंनी खालपर्यंत ओढून विटा ठेवल्या. कुठून वारा यायला जागा नाही. बघत उभा राहिलो. आपण काहीतरी केलं असं वाटलं.

१४ जुलै

काहीतरी केलं खरं. आज ताडपत्री उचलली तर वास डोळ्यांत गेला. पाणी आलं डोळ्यांत. ओल्यावर टाकलेलं नवं तूस खालचं पाणी पिऊन बसलेलं, सबंध थर भाकरीसारखा उचलून आला, खालून गरम. आणि ताडपत्रीला आतून थेंब. बाहेरचा पाऊस अडवला, आतला सुरू केला.

द.ने सांगितलं होतं. पूर्वेची बाजू बांधताना, तोंडात कामटी धरून. "वरतं हातभर जागा सोडा लागते, भाऊ. वाफ निघाले पायजे. कोंबडी बी तं श्वास घेते." मी म्हटलं, वरून पाऊस येईल की. तो म्हणाला, "पाऊस असा येत नाई. तुमी घरात बसून पायता पावसाले. मी त्याच्यात उभा राह्यतो."

सगळं तूस उपसलं. खाली राख, चुना. पाठ धरली.

१६ जुलै

रपटा उघडला. सोमारीबाई आली. द.ची बायको.

बाजारात वास्ते (बांबूचे कोवळे कोंब) आणि सात्या (रानातली अळंबी) विकून येताना आमच्या पडवीत बसली. टोपलीत चार वास्ते उरले होते, ते सौ.ला दिले. (सौ. वास्त्यांची भाजी करते तेव्हा मी तिचे सगळे टोमणे विसरतो.) चहा घेतला. नंतर उठून सरळ मागे गेली, खुराड्यासमोर उकिडवी बसली. पूर्वेच्या तट्ट्याला हात लावला नाही. नुसती बघत राहिली.

"भाऊ, एक कोंबडी पायजे मले. आता नाई. नवाखाईच्या आधी."

म्हटलं, आजच ने ना बाई.

"माझ्या घरच्या समद्या मरीनं गेल्या. आन् तशी बी इथलीच पायजे. त्यानं बांधल्या घरातली. हे त्याच्या हातचं शेवटलं."

मग सांगत गेली, हलक्या आवाजात, बाजारभाव सांगावा तशी. रानात मेलेला माणूस आपणहून घरात येत नाही. बोलवावं लागतं. कोंबडीसमोर पानावर तांदूळ ठेवतात, त्याच्या नावाने विचारतात. तिने दाणा टिपला की तो आला. मग तो घरच्या म्हाताऱ्यांमध्ये बसतो, नवाखाईला नवं धान पहिल्यांदा खातात ते त्यालाही मिळतं.

"आणि नाही टिपला तर?"

"तं त्याच्या मनात काई अडून आहे. ते काय हाये ते पावा लागते."

"तोवर?"

"तोवर बाहेर राह्यते."

"बाहेर म्हणजे कुठे?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी किती शिकलेला आहे हे तिला नव्याने कळलं असावं. "बाहेर म्हंजे बाहेर. पाऊस नाई दिसून राह्यला तुमाले?"

मंदाक्रांता निवडली. डाव्या पायाने किंचित लंगडते, म्हणून ते नाव. "हे बुटकी. कोरडी ठेवा तिले, भाऊ. ओल्यात बसली का रक्ती लागते. रोगी कोंबडी समोर ठेवता येत नाई. मंग पुढच्या वर्साले जाते गोष्ट."

गेली. छत्री नव्हती. मेणकापडाचं घोंगडं डोक्यावर.

१७ जुलै

काल लिहायचं राहिलं. राहिलं म्हणजे लिहिलं नाही.

एप्रिलची बातमी माझी. "मोहफुले वेचण्यासाठी जंगलात गेलेल्या इसमावर दबा धरून बसलेल्या वाघाने हल्ला केला. यात इसमाचा जागीच मृत्यू झाला." सबंध उन्हाळा हेच वाक्य चालतं. मोहाचे दिवस असतात, माणसं पहाटे वाकून फुलं वेचत असतात, वाघाला वाकलेला माणूस माणूस वाटत नाही. वाक्य तयार असतं.

द. मोहाला गेला नव्हता. बांबूला गेला होता. माझ्या पश्चिमेच्या बाजूसाठी.

आदल्या दिवशी संध्याकाळी इथेच बसला होता. म्हणाला, "पावसाले लय येळ आहे, भाऊ. जून लागला का करतो." आणि मी चिडवलं. मी सगळ्यांनाच चिडवतो, दुसरं काही येत नाही मला. म्हटलं, तुझं छप्पर तालुक्याच्या रस्त्यासारखं आहे, नारळ फुटला, अर्ध्यावर काम संपलं, आता फक्त फलक लावायचा राहिला. तो खूप हसला. गुडघ्यावर थाप मारून. "थांबा मंग, उद्याच आणतो. तुमाले लिहाले जागा नाई ठेवत."

उद्याच गेला.

मी बातमीदार म्हणून पोचलो तेव्हा दुपार झाली होती. झाडाखाली बांबूंची मोळी पडली होती, वेलीने बांधलेली. सगळे बांबू सारख्या मापाचे. ते माप मी ओळखलं, पश्चिमेच्या बाजूचं. ते मी स्वतः दोरीला गाठ मारून त्याला दिलं होतं.

फोटो काढताना दोन पावलं डावीकडे सरकलो. मोळी फोटोत आली नाही.

१९ जुलै

काही नाही. पाऊस. तूस बदललं.

२२ जुलै

खुराड्याभोवती चर खणला. पाणी वरून येत नाही एवढं, मागच्या बांधातून झिरपतं. चर पूर्वेकडून काढला तर उतार उलटा निघाला, पाणी आरामात फिरून पुन्हा पश्चिमेला. पुन्हा खणला. रोवणीचे दिवस, मजूर मिळत नाही आणि मिळाला असता तरी मला दुसऱ्याकडून हे काम करून घ्यायचं नाही.

दुपारी आभाळ इतकं भरून आलं की दिवा लावावा. आत वाकून तूस चाळत होतो. वाऱ्याने पश्चिमेची ताडपत्री आत फुगली. फुगली आणि तशीच राहिली. बाहेरून कुणी पाठ टेकून बसावं तशी, खांद्यांची रुंदी, थोडं खाली डोकं. वारा पडला तरी राहिली. पाणी साचलं असेल, दुसरं काय. तळवा लावला. गार. दाबलं तर मागे गेली, हात काढला तर पुन्हा आली.

बाहेर जाऊन पाहायचं होतं. आतच बसलो. कोंबड्या पूर्वेच्या कोपऱ्यात, एकही आवाज करत नव्हती.

सौ.ला सांगितलं नाही. संध्याकाळी तीच म्हणाली, "कोनाशी बोलून राह्यले होते दुपारी?"

म्हटलं, कोंबड्यांशी.

"कोंबड्याईले 'अरे' म्हनता?"

२८ जुलै

मंदाक्रांताची विष्ठा लाल.

सकाळी सगळ्यात आधी तिलाच पाहतो. पिसं फुगवून, मान आत ओढून बसली होती. तूस कोरडं होतं, मी शपथेवर सांगतो, कोरडं होतं. काल रात्रभर दक्षिणेकडून झोड होती, तिकडे माझं लक्षच नव्हतं. दक्षिणेच्या कोपऱ्यात हातभर ओल. तिथेच ही. लंगडी, बाकीच्यांनी दाटीतून ढकललेली.

जनावरांच्या दवाखान्यातून औषध आणलं. पाण्यातून द्यायचं. कंपाउंडर म्हणाला, "एका कोंबडीसाठी इतकं भिजत आले, सर? रस्सा करा ना." मी हसलो नाही. त्याला ते खटकलं असावं, मी नेहमी हसतो.

तिला घरात घेतलं. सौ. : "देवाजवळ ठेवू नोका म्हंजे झालं. बाकी घर तुमचं."

पुस्तकांच्या खोलीत डालग्याखाली ठेवली. खाली अंथरायला रद्दी काढली. एप्रिलचे अंक शोधून बाजूला ठेवले, मग बाकीचे अंथरले.

२९ जुलै

खात नाही. चमच्याने पाणी.

३० जुलै

तसंच. मला भीती वाटते ती कसली हे नीट लिहून ठेवावं म्हणतो. कोंबडी मरेल ही नाही. कोंबड्या मरतात. ही मेली तर तो अजून एक वर्ष बाहेर राहील. माझ्यामुळे बाहेर गेला, माझ्यामुळे बाहेर राहील. आणि ही जगली तर पानावरच्या तांदळासमोर बसवतील आणि त्याच्या मनात काय अडून आहे ते विचारतील.

न्याय, वेदान्त, थोडं व्याकरण. एवढं शिकून एका लंगड्या कोंबडीच्या चोचीला घाबरतो. वर्गमित्रांना कळलं तर.

ती जगावी असंच वाटतं. हेही लिहून ठेवतो.

२ ऑगस्ट

ज्वारीचे चार दाणे खाल्ले! मी हातावर धरले होते. पाचवा दाणा तिने पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि टिपला नाही.

सौ. म्हणाली, पोट भरलं असंन.

६ ऑगस्ट

बरी. खोलीभर फिरते. कोशाच्या तिसऱ्या खंडावर विष्ठा केली, लाल नव्हे. माझ्या घरात त्या खंडाचा इतका उपयोग आजवर कुणी केला नव्हता.

१० ऑगस्ट

ऊन. रपटा मोकळा. टोल्यावर गेलो, "कोंबडी सुधारली" हे सांगायला. खरं म्हणजे दुसरं सांगायला. वाटेत वाक्य जुळवत होतो. तीस वर्षं वाक्यं जुळवतोय, हे एक जुळेना.

सोमारीबाई अंगण सारवत होती. उठली, हात धुतले, खाट टाकली. आणि मी खाटेवर बसलो ते नेमकं भिंतीकडे तोंड करून. भिंतीला मोळी उभी. वेल वाळलेली, गाठ तशीच. बांबू पिवळे पडले होते, पाऊस लागू नये म्हणून वळचणीखाली ओढलेले.

तिने माझी नजर पाहिली.

"पोट्टे घेऊन आले होते त्या दिवशी. त्याच्यासंगच."

मी खाटेची दोरी चाचपत होतो.

"आमच्या घराले बांबू नोकोता, भाऊ. छप्पर मागच्या वर्सीच झालं." मग भिंतीवरच्या खुंटीकडे बोट केलं. टोपली. मोहाची, खोल, पळसाच्या पानांचं अस्तर लावलेली. "हे बी घरीच होती. मोहाले कोनी कुऱ्हाड घेऊन आन् टोपली ठेवून जाते का?"

"मग तेव्हा का नाही म्हणालीस?"

"पोरीनं पेपर वाचून दाखवला. मोहाले गेला म्हनून लिवलं. मी म्हनलं, पेपरवाल्या भाऊले ठाऊक असंन. मले आपलं घरातलं ठाऊक, भाऊले रानातलं बी ठाऊक असते." ती पुन्हा सारवायला बसली. "मंग लय दिवस इचार करे मी. का मले न सांगता दुसरी टोपली आनली का काय कोनाची. कोनाच्या घरची. बायकाईचं मन असंच राह्यते ना."

हे मला सुचलं नव्हतं. चार महिने तिने हाही विचार केला असेल, एका ठरीव वाक्यापायी, हे मला खरंच सुचलं नव्हतं.

म्हटलं, "बाई, मला तुला काही सांगायचं आहे."

तिने हात वर केला. सारवणाचा, ओला. "मले नोका सांगू. मी ऐकलं तं मले राग येईन, नाई तं दया येईन. दोनी माझ्या कामाचे नाई. तुमाले जे सांगाचं ते त्याले सांगा. कोंबडीसमोर. तिथं कोनी बी बोलू शकते."

परत येताना रपट्यावर थांबलो. पाणी घोट्याएवढं, स्वच्छ.

१३ ऑगस्ट

मंदाक्रांता पुन्हा खुराड्यात. ताडपत्री वरून हातभर खाली घेतली. आता वास नाही, थेंब नाहीत. पाऊस तिरपा आला तरी त्या फटीतून आत येत नाही. द. म्हणाला तसंच. पश्चिमेचं तूस मात्र अजून रोज बदलतो.

दुपारी त्या फटीतून बाहेर पाहिलं. नुसता पाऊस. त्यातून काही दिसत नव्हतं. मी बराच वेळ पाहत होतो.

२० ऑगस्ट

डेस्कला फोन केला. एप्रिलच्या त्या बातमीची दुरुस्ती द्यायची आहे म्हटलं. तिकडचा मुलगा चांगला आहे, आदराने बोलतो. "सर, बांबू काय न् मोह काय, वाघ तं तोच ना?"

त्याला काय सांगणार. त्याला हे असंच लिहायला मीच शिकवलं, दोन वर्षांपूर्वी, कार्यशाळेत.

२७ ऑगस्ट

पोळा झाला. पाऊस उतरणीला असं सगळे म्हणतात. मी म्हणत नाही.

१ सप्टेंबर

टोल्यावरून निरोप. शुक्रवारी. सकाळी. कोंबडी घेऊन या.

सौ.ने मंदाक्रांताचे पाय कोमट पाण्याने धुतले, पुसले. मी पाहतोय म्हटल्यावर : "काय पायता? लग्नाले नाई जाऊन राह्यली ती, ठाऊक हाये मले." मग पदराने स्वतःचं तोंड पुसलं आणि आत गेली. तिला सगळं माहीत आहे. कधीपासून, ते विचारलं नाही.

५ सप्टेंबर

आज जे झालं ते क्रमाने.

सकाळी कोरडं. डालगं मोटारसायकलला मागे बांधलं, वर मेणकापड, बाजूने वाऱ्याला जागा. टोल्यावर वीसेक माणसं. पूजेचं सगळं गायत्याकडे. वाळका म्हातारा, एका डोळ्यात फूल पडलेलं. सोमारीबाईच्या अंगणात जागा सारवलेली, पळसाच्या पानावर तांदूळ. कोंबडी सोडली. गायत्याने हाक दिली, रस्त्यातल्या माणसाला द्यावी तशी साधी.

"दसरू. ये गा. घरी ये."

दसरू. या वहीत मी द. लिहीत होतो. दसरू.

मंदाक्रांता तांदळाजवळ गेली. लंगडत, आपल्या चालीने. मान वाकडी करून एका डोळ्याने पाहिलं. नाही टिपला. गायत्याने दुसऱ्यांदा विचारलं. ती वळली आणि सोमारीच्या पायाजवळ जाऊन उभी राहिली. बाया कुजबुजल्या. सोमारी खाली बघत होती.

गायता म्हणाला, "काई अडून आहे. कोनापाशी असंन तं बोला."

मी उभा राहिलो. चपला काढल्या, का कोण जाणे. जुळवलेलं वाक्य आठवेना. जे निघालं ते असं, जवळजवळ असंच :

दसरू, तू मोहाला गेला नव्हतास. माझ्या कोंबड्यांच्या छपरासाठी बांबूला गेला होतास. घाई तुला नव्हती, मला होती. मी तुला चिडवलं म्हणून तू गेलास. आणि मग मी मोह लिहिलं. मोळी दिसत होती मला.

एक माणूस मागे खोकला. मला वाटलं होतं आरडाओरडा होईल, माराला तयार होतो, निदान तसं समजत होतो. सगळे कोंबडीकडे पाहत होते, माझ्याकडे कुणीच नाही.

ती निघाली. पानाजवळ आली. मान खाली गेली.

आणि सर आली. अशी की कुणाला उठायला वेळ नाही. बायांनी पोरं उचलली, सगळे छपरीकडे धावले, मंदाक्रांता सगळ्यांच्या पायांतून, आणि तांदूळ पानावरून वाहून अंगणभर. टिपला होता का? एक म्हणाला, टिपला, मी पायलं. गायत्याच्या बहिणीने सांगितलं, चोच लागली पन दाना उचलला नाई. गायता आपला एक डोळा पुसत म्हणाला, "मले नाई दिसलं. नाई दिसलं तं नाई झालं. नवाखाईच्या आदल्या दिवशी पुन्हा."

मी भिजत अंगणातच होतो. सोमारीबाईने मंदाक्रांताला पदरात धरून आणलं, डालग्यात ठेवलं, मेणकापड नीट केलं. नंतर वळचणीखाली गेली आणि मोळी ओढत आणली.

"घेऊन जा."

"बाई, हे मी कसं..."

"तुमचंच हाये. तुमच्या मापाचं हाये. माझ्या कोन्त्या कामाचं?" मोळी माझ्यापुढे आडवी टाकली. आवाज चढला तो तेव्हाच, पहिल्यांदा. "अर्ध छप्पर ठेवून कोनी मानसाले बोलावते का, भाऊ? तो येईन तं बसंन कुठी?"

७ सप्टेंबर

मोळीची गाठ सोडता आली नाही. म्हणजे हात गेला नाही. सौ.ने सोडली.

८ सप्टेंबर

बांबू चिरायला बसलो. पहिल्या चार कामट्या वाकड्या. बोट कापलं. वाळलेला बांबू चिरत नाही, फुटतो. रात्रभर डबक्यात घालायला हवा होता. हे सोमारीबाईला ठाऊक होतं आणि तिने सांगितलं नाही.

घातला.

१० सप्टेंबर

पूर्वेच्या तट्ट्यासमोर बसून त्याची वीण पाहून विणतो. दोन वर, एक खाली, कडेला उलट. कडेशी त्याने एक कामटी आत वळवून दाबली आहे, ती कशी ते दोन दिवस कळत नव्हतं. आज कळलं. बोटांना कळलं, सांगता येणार नाही.

वीण बघताना चेहरा तट्ट्याच्या इतका जवळ असतो की पलीकडून कुणी बघत असलं तर.

१२ सप्टेंबर

सौ.ने गवत आणून दिलं, पेंढ्या बांधल्या. एक टोमणा नाही दिवसभर. शेवटी मीच म्हटलं, काही तरी बोल. म्हणाली, "तिरपं हाये. पन हाये."

१४ सप्टेंबर

पश्चिमेची बाजू झाली. वर हातभर जागा सोडली आहे. ताडपत्री घडी करून ठेवली.

नवाखाई परवा. उद्या सकाळी मंदाक्रांताला घेऊन टोल्यावर. दाणा टिपेल का, माहीत नाही. टिपला तर ती त्याच्या नावाने जाईल, परत येणार नाही. नाही टिपला तर मग अजून काय अडून आहे ते मला तरी ठाऊक नाही. होतं ते सगळं सांगितलं. बहुतेक सगळं. फोटोचं सांगायचं राहिलं. दोन पावलं डावीकडे, ते.

दुपारपासून पाऊस, चांगला जोराचा. खुराड्यात जाऊन बसलो. हात तुसात मनगटापर्यंत घातला, कोरडं. पश्चिमेच्या कोपऱ्यात घातला, कोरडं. जुलैनंतर पहिल्यांदा. तरी सहाही जणी पूर्वेलाच बसल्या आहेत, दाटीवाटीने. सवय असेल. पश्चिमेचं अर्धं मोकळं आहे, एका माणसाला मांडी घालून बसता येईल एवढं.

सौ. हाक मारते आहे, अंधारायच्या आत दार लावा, मुंगूस येतं.

लावतो. जरा थांबून.